स्लो मोशनचे वैरी

प्रेमभंगाचं गाणं सुखानं पाहू न देणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण त्या सगळ्यांचा मुकुटमणी देवानं नेमका माझ्या बहिणीच्या पदरात टाकला. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मूळचे लातूरकडचे, आता चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर सुपरवायझर. राहायला तिथंच जवळ, निघोजे गावात. लाइनवर प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो, त्याला सायकल टाइम म्हणतात, आणि हा सायकल टाइम दाजींच्या अंगात असा भिनलाय की आपला पहिला घास तोंडात असतो तोवर ते हात धुऊन आलेले असतात. बहिणीनं चहा ठेवला की ओट्याशी उभे राहतात आणि एवढा वेळ कशाला लागतो म्हणून थेट पातेल्याला जाब विचारतात. मंदिरात आरती चालू असली तरी यांच्या टाळ्या पुढच्या कडव्यात पोचलेल्या असतात.

आता मला ही गाणी आवडतात, यात लाजण्यासारखं काय आहे? चिंचवडला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. आठवडाभर ऑइल सील आणि ब्रेक लायनर यांच्यात बसलेल्या माणसाला रविवारी दुपारी बहिणीच्या घरी, भाचीबरोबर टीव्हीसमोर बसून जरा डोळे ओले करावेसे वाटले, तर कुणाचं काय जातं? पण नाही. पांढरे पडदे हलताहेत, पोरगी खिडकीशी उभी आहे, काचेवरून एक थेंब ओघळतोय आणि त्याच्यामागून तिचं बोट हळूहळू खाली येतंय. माझ्या घशात आवंढा आलेला असतो आणि मागून आवाज येतो, "खिडकी तर बंद हाय. मग पडदा कशानं हलायलाय?"

संपलं. आवंढा खाली. भाची ऋतुजा वैतागून म्हणते, "पप्पा, फील घ्या ना जरा." पण पप्पा फील घेत नाहीत, हिशेब घेतात. खोलीभर मेणबत्त्या लावलेल्या दिसल्या की विचारतात, "एवढ्या पेटवायला तीन-चार माणसं तरी लागली असतील, आन् ही बया एकटीच राहती म्हणं." नायक समुद्राच्या काठावर पियानो वाजवतोय, सूर्य बुडतोय, आणि यांची चौकशी काय, तर हे धूड वाळूत आणलं कसं. मग स्वतःच उत्तर देतात, "हायड्रा क्रेन मागवली असंल." त्या दिवसापासून मला पियानो दिसला की त्याच्यामागं पिवळी क्रेन दिसते. माझा एक चांगला पियानो या माणसानं कायमचा वाया घालवला आहे. नायकाची दाढी वाढली की "ह्याला इतकी सुट्टी देतंय कोण?" असं म्हणतात, आणि त्यात खरोखरची असूया असते.

पण खरा राग स्लो मोशनवर. केस उडवत पळणारी पोरगी दिसली की दाजी उठून उभे राहतात. "हिला आमच्या लाइनवर उभी करा. शिफ्ट संपंल, पण हिचा एक पाय खाली यायचा न्हाई." आणि सगळ्यात जास्त चीड कशाची, तर निघून जाणाऱ्या माणसानं हळूच मागं वळून बघण्याची. प्रत्येक गाण्यात ते असतंच. हातातून बोटं सुटतात, ती चार पावलं जाते, थांबते, मान वळते, केस तोंडावर येतात. दाजी टीव्हीला म्हणतात, "जाणारा माणूस मागं बघत नसतोय. त्याला बस गाठायची असती. ज्याला जायचंय त्यानं निघावं." मी एकदा चिडून म्हणालो, "दाजी, तुम्हाला हृदय आहे का?" तर म्हणाले, "हाय की. टायमात चालतंय."

यंदा ऋतुजाचं लग्न झालं. जावई आयटीतला, सासर तिकडं आयटी पार्काजवळच्या माण गावाला. लग्न निघोज्याजवळच्याच एका लॉन्सवर. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि दाजींनी घड्याळाकडं बघायला सुरुवात केली. पाठवणी संध्याकाळी ठरली होती. दाजींनी ती परस्पर दुपारवर आणली. का? तर फर्स्ट शिफ्ट सुटायच्या आत गाडी रस्त्याला लागली पाहिजे. "एकदा का कंपन्यांच्या बसा बाहेर आल्या, की पोरगी माणला पोचंपर्यंत दिवे लागतेत," असं ते व्याह्यांना समजावत होते. स्वतःच्या मुलीची पाठवणी कंपनीच्या शिफ्टवर लावणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

माझी बहीण ऋतुजाला गळ्याशी धरून रडत होती. दाजी डिकीत बॅगा कोंबत होते. व्हिडिओवाला म्हणाला, "काका, मुलीला जवळ घ्या ना, अगदी हळू, एक शॉट घेतो." दाजी त्याच्यावर खेकसले, "शॉट कसला घेताव? बसा सुटायल्यात तिकडं." ऋतुजा पाया पडायला वाकली, तर तिला कोपराला धरून उठवलं, गाडीत बसवलं, दार लावलं आणि टपावर थाप मारली. "चला, काढा गाडी." कंपनीच्या गेटवरून माल भरलेला ट्रक सोडतात, अगदी तसंच. तिनं "पप्पा" म्हणून काच खाली घेतली, तोवर हे फाटकाकडं पळालेही होते. तिथं एक टेम्पो आडवा आला होता, त्याला हात पसरून अडवत होते.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यामागं धावत जाऊन म्हणालो, "दाजी, पोरगी आहे ती, डिस्पॅचचा माल नाही. लाज वाटत नाही का?" ते टेम्पोवाल्याशी भांडत होते, मी त्यांच्याशी. तेवढ्यात गाडी आमच्या शेजारून गेली. रस्ता मोकळा होता. अगदी टायमात गेली.

धूळ खाली बसल्यावर दाजींनी विचारलं, "मागं बघितलं का रं तिनं?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी तुमच्याकडं बघत होतो." बहिणीला विचारलं, तर तिच्या तोंडावर पदर होता. कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दाजींनी या एका गोष्टीचा पिच्छा सोडला नाही. चहा पिता पिता मधेच म्हणायचे, "गाडीची मागची काच काळी होती का रं?" मी म्हणायचो, रोज फोन येतो तिचा, तिलाच विचारा. तर म्हणायचे, "असलं विचारतेत व्हय लेकीला?" आणि चहा थंड होऊ द्यायचे. दाजींचा चहा थंड झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझा राग तिथंच अर्धा उतरला.

गेल्या रविवारी लग्नाचा व्हिडिओ आला. ऋतुजानंच व्हिडिओवाल्याला सांगून करवून घेतलेला, त्यामुळं गाण्यांतली एकही गोष्ट सुटली नव्हती. पाकळ्या पडताहेत, वारा नसताना पदर उडतोय, आईच्या हातातून तिची बोटं सुटताहेत, मागं रडकं व्हायोलिन. मी धास्तावून दाजींकडं पाहिलं. ते पुढं वाकून बघत होते. मग गाडी आली. काच खाली होती. गाडी इतकी संथ चालली होती की चाकाचा एकेक बोल्ट मोजता आला असता. फाटकापाशी दाजींची पाठ दिसत होती, हात पसरलेले, शेजारी हातवारे करणारा मी. आणि खिडकीतून ऋतुजाची मान वळली. तिनं त्या पाठीकडं पाहिलं. गाडी पुढं गेली तरी ती पाहत राहिली, हात बाहेर काढला, जरासा हलवला आणि मग आत घेतला.

"मागं घे," दाजी म्हणाले. मी घेतलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं घ्यायला लावलं. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

दाजी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. "अजून हळू होतंय का रं हे?" त्यांनी विचारलं.