दोर न सोडणारी ओरेत्ता

ओरेत्ता दोर सोडत नाही, ही एकच गोष्ट सकाळपासून मार्झियाच्या मनात ठाण मांडून बसली होती. घोडा उधळला की शहाणा माणूस दोर सोडून बाजूला होतो. तिची लेक होत नाही. तीन वर्षांपूर्वी मैदानाच्या तोंडाशी एक घोडी दोन पायांवर उभी राहिली, तेव्हा सोबतचे दोघे बाप्ये भिंतीला चिकटले आणि ही पोर वीस पावलं फरफटत गेली. कोपरं सोलली, खांदा निखळला, पण घोडी थांबली. उठून तिने आधी घोडीचे गुडघे चाचपले, मग स्वतःचा खांदा.

मार्झियाला ही हकिकत कळली ती पाचव्या दिवशी. गावच्या मैदानात आळ्या-आळ्यांमध्ये घोड्यांची शर्यत लागते, ते चार दिवस ती स्वतःच्या घरी नसतेच.

ती सिएनाच्या वरच्या आळीची, नवरा दुइलिओ खालच्या आळीचा. या दोन आळ्यांचं वैर इतकं जुनं की एकीत दुसरीचं खरं नावसुद्धा कोणी तोंडातून काढत नाही; ‘ती खालची’, ‘ती वरची’, एवढंच. वर्षभर नवराबायको एका छपराखाली सुखाने नांदतात. जुलैत आणि ऑगस्टात चिठ्ठ्या टाकून आळ्यांना घोडे वाटले गेले, की मार्झिया बॅग भरते आणि भावाकडे, एत्सिओकडे, राहायला जाते. चार दिवस भेट नाही, निरोप नाही, फोन नाही. एका ऑगस्टात दुइलिओचं मनगट मोडलं, ते तिने घरी परतल्यावर प्लास्टर पाहिलं तेव्हा समजलं. ‘‘कळवलं का नाहीस?’’ असं तिने विचारलंही नाही. कळवलं असतं तर तिलाच ते विचित्र वाटलं असतं.

ओरेत्ता बापाच्या आळीत गेली. खालच्या आळीच्या कारंज्यावर तिच्या डोक्यावर पाणी घालून तिला आळीत घेतलं, तेव्हा मार्झिया रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती. ओलं, रडणारं बाळ तिने परत हातात घेतलं तेव्हा तिच्या पर्समध्ये वरच्या आळीचा रुमाल घडी घालून ठेवलेला होता. दुइलिओला ते ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, आणि मार्झियाने ते त्याच्या बाजूने कायमचं जमेला धरलं.

नवव्या वर्षी पोरगी शाळेतून परस्पर पागेत जायला लागली. खालच्या आळीचा घोडा सांभाळणारा मोतद्दार आम्ब्रोजो हा फाटक्या तोंडाचा म्हातारा. तो तिला म्हणायचा, ‘‘ए डास, बाजूला हो. लाथ बसली तर तुझी आई मला विष देईल, तिचं औषधांचं दुकान आहे.’’ ही हलायची नाही. बाराव्या वर्षी ती नुसत्या कानांच्या हालचालीवरून सांगायची की घोड्याचं पोट दुखतंय. पुढे ती नालबंद झाली. आजूबाजूच्या गावांतून गाडीत ऐरण टाकून फिरायची, आणि शेतकरी तिच्या मागे दुसरं कोण उतरतंय का ते बघायचे.

‘‘नालबंद कुठे आहे?’’

‘‘समोर उभी आहे. पाय धरता का घोड्याचा, की तेही मीच करू?’’

आम्ब्रोजो थकला तेव्हा त्याच्या जागी हिला नेमायचं की नाही, यावर खालच्या आळीची सभा तीन संध्याकाळ भांडली. मोतद्दाराने चारही रात्री पागेत घोड्याजवळ झोपायचं असतं, कोणाला जवळ फिरकू द्यायचं नसतं. ‘‘बाई माणूस, चार रात्री एकटी?’’ असं कोणीतरी म्हणालं. त्यावर आम्ब्रोजो काठी टेकत उठला. ‘‘मी चाळीस वर्षं झोपलो तिथे. बाप्या आहेस की बाई, असं मला एकाही घोड्याने विचारलं नाही. तुम्हाला कशाला पंचाईत?’’

तिच्या पहिल्याच वर्षी वाट्याला आलेला घोडा पाण्याला तोंड लावेना. डॉक्टर सुई टोचायची म्हणाला. हिने बादलीतलं पाणी स्वतः चाखलं, विचार केला आणि गाडी काढली. घोडा ज्या मळ्यातून आला होता तिथल्या झऱ्याचं पाणी दारूच्या चार मोठ्या बरण्यांत भरून आणलं. पहिल्या दिवशी नुसतं तेच पाजलं, दुसऱ्या दिवशी त्यात थोडं गावचं पाणी मिसळलं, तिसऱ्या दिवशी निम्मं. शर्यतीच्या दिवशी घोडा गावचं पाणी ढसाढसा पीत होता. मार्झियाकडे रसायनशास्त्राची पदवी आहे, पण हे आपल्याला सुचलं नसतं असं ती दुकानात उघड सांगते. वरच्या आळीची गिऱ्हाइकं तेवढ्यापुरती खोकत बसतात.

यंदा गावात सिनेमावाले आले होते. हेरगिरीचा सिनेमा; खाली घोडे पळतायत आणि वर कौलांवरून नायक एका बदमाशाच्या मागे पळतोय, असं काहीतरी. जुलैच्या शर्यतीत ते पाहणी करून गेले. तेव्हा त्यांनी ओरेत्ताला सांगितलं होतं, घोडा घेऊन जाताना तोंड जरा कॅमेऱ्याकडे वळव. ती म्हणाली, ‘‘मी घोड्याच्या डाव्या बाजूने चालते. तोंड घोड्याकडे असतं. कॅमेरा तुमचा आहे, तुम्ही वळवा.’’ नंतर नायक स्वतः फोटोसाठी पागेच्या दाराशी आला, तर हिने आतून कडी घातली. तेव्हापासून खालच्या आळीत एक विनोद चालू होता: जगातल्या सगळ्या तिजोऱ्या उघडतो म्हणे, आमच्या पागेची कडी नाही उघडता आली बाबाला!

आज सोळा ऑगस्ट, शर्यतीचा दिवस. ओरेत्ताकडे या वेळी तित्सोने नावाचा काळा घोडा आला होता. सहा शर्यती धावलेला, जाणता, आणि म्हणूनच अवघड. दुपारी एत्सिओच्या घरी खरबूज, हॅम आणि गार भात असं हलकंच जेवण होतं, कारण आज कोणाच्याच घशाखाली काही उतरत नाही. टेबलाशी एक पाहुणा होता. सिनेमावाल्यांचा व्यवस्थापक, रोमचा, कोर्सेत्ती नावाचा. एत्सिओच्या घराची गच्ची त्यांनी चित्रीकरणासाठी घेतली होती.

‘‘तीन वाजून दहा मिनिटांनी आमचे दोन बार,’’ कोर्सेत्ती खुशीत सांगत होता. ‘‘नुसता आवाज, गोळी नाही. कबुतरं भर्रकन उडायला हवीत आणि खालची गल्ली ओस पडलेली हवी. जुलैत मी घड्याळ लावून पाहिलं, बरोबर त्या वेळी पलीकडच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. काय नशीब बघा!’’

एत्सिओने भाताचा घास नीट चावून खाल्ला. त्याच्या बायकोच्या भावाने ग्लासात तोंड लपवलं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसले. कोर्सेत्तीही हसला, कशाला ते न कळता.

मार्झियाला कळायला एक क्षण लागला. ती गल्ली खालच्या आळीची होती. गल्ली ओस असते, कारण त्या वेळी सगळी आळी तिच्या चिमुकल्या चर्चमध्ये श्वास रोखून उभी असते. घोड्याला आत आणून पाद्री त्याला आशीर्वाद देतात. लहान मुलाला खोकला आला तरी त्याचं तोंड दाबतात. आणि चर्चची मागची भिंत एत्सिओच्या गच्चीच्या बरोबर खाली येते.

शर्यतीच्या वेळी बार वाजला की घोडे मैदानात उतरतात. सहा शर्यती धावलेल्या घोड्याला बार म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. गुळगुळीत दगडी फरशी, चारी बाजूंना माणसं, एकच दार. आणि दोराशी ओरेत्ता.

मार्झिया जिना चढून गच्चीवर गेली. जेवण उरकून वर आलेला कोर्सेत्ती तारा जोडत होता.

‘‘वेळ बदला,’’ ती म्हणाली. ‘‘खाली चर्चमध्ये घोडा असणार आहे.’’

‘‘घोडा? चर्चमध्ये?’’ तो हसला. ‘‘सिन्योरा, चार वाजता ऊन त्या भिंतीवरून जातं आणि गल्ली माणसांनी फुलते. दिग्दर्शक मैदानात आहे, फोन घेत नाही. आणि तुमच्या भावाने सही केलीय. वेळेची काही अडचण नाही ना, असं मी दोनदा विचारलं. नाही म्हणाले.’’

ती खाली आली. घड्याळात पावणेतीन झाले होते. एत्सिओ स्वयंपाकघरात एकटाच कलिंगड कापत होता.

‘‘तू त्याला सांगितलं नाहीस.’’

‘‘त्याने वेळ ठरवली, मी नाही. मी फक्त गप्प बसलो.’’ तो वर न बघता म्हणाला. ‘‘घोडा जरा बावचळेल, इतकंच. त्यांनी आमच्या घोड्यासमोर ढोल बडवले नव्हते का? तू तेव्हा इथेच होतीस. तूच सगळ्यात मोठ्याने शिव्या दिल्यास.’’

‘‘दोराशी कोण आहे, एत्सिओ?’’

त्याची सुरी थांबली.

‘‘सोडून देईल ना ती,’’ तो म्हणाला.

‘‘ओळखतोस तिला?’’

पाच वर्षांची ओरेत्ता याच स्वयंपाकघरात त्याच्या कुत्र्याच्या पट्ट्याला लोंबकळायची. टेबलाखालून ओढून काढली तरी पट्टा सोडायची नाही. मग तो म्हणाला, ‘‘मी वर जाऊन थांबवलं, तर संध्याकाळपर्यंत सगळी आळी विचारेल, एत्सिओने खालच्यांचा घोडा का वाचवला? मला नाही जमायचं, मार्झिया. माझ्याकडे तसं बघू नकोस.’’

ती तसं बघत नव्हती. ती हिशेब करत होती. स्वतः धावत जावं, तर आज वरच्या आळीच्या बाईला त्या चर्चच्या शंभर पावलांजवळ कोणी येऊ दिलं नसतं. ओरेत्ता पागेत फोन नेत नाही. राहिला दुइलिओ. तो दरवर्षी चर्चच्या दारात उभा राहतो आणि तीनच्या ठोक्याला फोन बंद करतो. त्याला काय सांगायचं? ‘घोडा पंधरा मिनिटं उशिरा आत न्या’? शर्यतीच्या दिवशी, वरच्या आळीतून, वैऱ्याच्या घरातून आलेला हा फोन! त्याचे लोक म्हणतील, डाव आहे, घोड्याची वेळ बिघडवायचा डाव. तोही क्षणभर तसंच समजेल. त्याच्या जागी ती असती तर तीही तेच समजली असती. आणि इकडे जेवणाच्या टेबलाशी ऐकलेलं तिने पलीकडे पोचवलं, हे आज ना उद्या कळणारच. मग पुढच्या जुलैत बॅग भरून जायचं कुठे?

लग्नाच्या या एकतीस वर्षांत तिने एकदाही चार दिवसांत त्याला फोन केला नव्हता. तेवढ्यावरच भिस्त होती. फोन आला म्हणजे काहीतरी तसंच आहे, एवढं तरी त्याने ओळखावं.

तिने पर्समधून फोन काढला. एत्सिओने सुरी खाली ठेवली.

‘‘इथूनच करणार?’’

‘‘बाहेर जाऊन चोरून करू?’’

मग उठून त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आतल्या बाजूने, आणि बाहेरचं कोणी येऊ नये म्हणून पाठ टेकून तिथेच उभा राहिला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी मार्झियाने दुइलिओचा नंबर लावला.