एकूण चौदा सामने

जिलानीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाणी मोजत होतो. यंदा नांदेडला आमच्या भागात नळ दहा-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे रोज सकाळी काठी बुडवायची, ओली खूण बघायची आणि आज किती बादल्या वापरायच्या ते घरात सांगायचं, हे काम माझ्याकडे आहे. "मन्मथ सर गेले," जिलानी म्हणाला. "लातूरला, काल सकाळी. गावाकडं माती बी झाली." मी विचारलं, वय किती होतं? त्याला ठाऊक नव्हतं. फोन ठेवून मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि हिशेब केला. आमच्या संघाला शिकवत होते तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती, म्हणजे आता बहात्तर-त्र्याहत्तर. कुणी गेल्याचं कळलं की मी आधी आकडा धरतो. तो माझा स्वभाव आहे. सरांच्या बाबतीत तोच नडला. गोष्ट जुनी आहे, पण ती कुठे लिहिलेली नाही, म्हणून दीड महिन्यानंतर लिहायला बसलो आहे.

मन्मथ सर आमच्या क्लबच्या हॉकी संघाचे कोच होते. मूळचे निलंग्याकडचे, नांदेडला एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. सकाळी कपाळाला लावलेल्या विभूतीच्या तोपर्यंत घामानं दोनच रेघा उरलेल्या असत. तेव्हा गावात हॉकीचं वेड होतं. गुरुद्वाऱ्याच्या बाजूची मुलं, रेल्वे क्वार्टरमधली मुलं आणि चौकातल्या दुकानदारांची मुलं एका संघात खेळायची, आणि त्यांच्या दुप्पट माणसं रेघेबाहेर उभी राहून ओरडायची. त्यात सर्वांत मोठा आवाज जिलानीचा. त्याचं सायकलचं दुकान मैदानाला लागून होतं आणि सामना सुरू झाला की पंक्चर तशीच पडून राहायची. मी वीस वर्षांचा, कॉमर्सला होतो. मला खेळता येत नसे, पण वही ठेवता येत असे. कुणी कितव्या मिनिटाला गोल केला, पेनल्टी कॉर्नर किती मिळाले, किती वाया गेले, सगळं मी लिहायचो. सर मला मुनीम म्हणत. "मुनीम, आज किती घालवले रे?" "नऊ, सर." "नऊ! लई उदार हायेत आपले पोरं."

त्या सालीही दुष्काळच होता. आमचं मैदान मुरुमाचं, आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारायची जुनी पद्धत होती. पाणी मारून रोलर फिरवला की धूळ बसते आणि चेंडू सरळ जातो. आमच्या मुलांचा सगळा खेळ त्या सरळ चेंडूवर बेतलेला. पाणी यायचं मैदानामागच्या विहिरीतून, आणि त्याच विहिरीवर मागच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या असत. मोटार मैदानासाठी चालू झाली की त्यांनी थांबायचं, असा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण होता. सरांनी त्या साली पाइप काढून वस्तीकडे फिरवला. "मैदान तहानेनं मरत न्हाई," एवढंच म्हणाले. मुलांना सांगितलं, आता कोरड्यावर खेळायचं. चेंडू कसाही उडाला तरी स्टिकखाली घ्यायचा, तेवढंच शिकू.

आम्ही हरायला लागलो. कोरड्या मुरुमावर चेंडू गुडघ्याला लागायचा, तोंडावर यायचा, सरळ तर कधीच जायचा नाही. रेघेबाहेरची माणसं आधी मुलांना बोलली, मग सरांना. जिलानीनं एकदा भर सामन्यात हाक दिली, "सर, पाणी न्हाई तर दूध टाका, पण जिंकवा हो!" सगळे हसले. सरही हसले. पण त्यानंतरच्या सामन्याला शिव्याच होत्या. शेवटी क्लबच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली. खेळाडू, देणगीदार आणि आम्ही रेघेबाहेरचे, सगळे शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. सर भिंतीला टेकून उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, उगाच वाद नको, मुनीमला विचारा. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, एकूण सामने किती, जिंकले किती, हरले किती?

मी वही उघडून वाचलं. एकूण सामने चौदा. जिंकले चार, बरोबरी तीन, हरले सात.

यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. पण त्याच पानावर मी आणखी एक बेरीज मांडून ठेवली होती, आदल्या रात्रीच. पहिल्या आठ सामन्यांत सहा हरलो होतो; नंतरच्या सहांत फक्त एक. पहिल्या आठांत आपल्यावर एकोणीस गोल झाले होते. नंतरच्या सहांत चार. मुलं कोरड्यावर खेळायला शिकली होती. वहीत ते स्पष्ट दिसत होतं, आणि त्या हॉलमध्ये ते एकट्या मला माहीत होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मग हात वर करायला सांगितले आणि मोजायचं कामही माझ्याकडेच आलं. काढून टाका म्हणणारे एकतीस, ठेवा म्हणणारे सहा. मी हात वर केला नाही. मोजणाऱ्यानं हात कसा वर करायचा, असं तेव्हा मनाशी म्हणालो. सर बाहेर गेले. माझ्याजवळून जाताना वहीकडे एकदा पाहिलं... की मला तसं वाटलं, आता सांगता येत नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आजवर उस्मानाबादच्या नावानं खेळणाऱ्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्याचा संघ करायचा होता आणि कोच नव्हता. सर तिकडे गेले. तिथं मैदानावर मारायला पाणी मागण्याचा प्रश्नच नव्हता, प्यायलाच नव्हतं. दुसऱ्या वर्षी औरंगाबादच्या विभागीय स्पर्धेत आमचं नांदेड पहिल्याच फेरीत बाहेर पडलं आणि लातूरनं अजिंक्यपद घेतलं. बातमी आली तेव्हा आम्ही सात-आठ जण जिलानीच्या दुकानात होतो. कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचला. मग जिलानी हातातली ट्यूब खाली ठेवून म्हणाला, "काय बी म्हणा, कोच आपलाच हाय."

"आपला होता," रेल्वेत असलेला एक जण म्हणाला.

"होता म्हंजे? शिकला कुठं? इथंच न्हाई का!"

"तू तर दूध टाका म्हणला होता की."

"ते मी प्रेमानं म्हणलो होतो."

तासाभरात सगळ्यांचं असंच ठरलं की आपण प्रेमानंच बोललो होतो. एकतीस हात वर करणाऱ्यांपैकी एकही त्या दिवसानंतर मला सापडला नाही. मी मनात मोजून पाहिलं. दुकानात त्यातले पाच तरी होते. संध्याकाळी चौकात फलक लागला, सत्काराची वर्गणी सुरू झाली आणि सेक्रेटरींनी स्वतः लातूरला जाऊन सरांना बोलावलं. सर येतील असं मला वाटलं नव्हतं. एसटीनं आले, एकटेच.

सत्कार आमच्याच मैदानावर होता. मैदानाला धूळ फार, पाहुण्यांच्या अंगावर उडेल, म्हणून आमच्या लोकांनी सकाळी दोन टँकर आणून सगळ्या मैदानावर पाणी मारलं होतं, रोलरही फिरवला होता. ज्या माणसाला पाणी मारलं नाही म्हणून काढलं, त्याच्या सत्काराला पाणी मारलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मलाही टँकरवाल्याच्या पावतीवर दोनचा आकडा टाकून सही करताना ते कळलं. सर फाटकातून आत आले, ओल्या मुरुमाकडे पाहत थोडा वेळ थांबले. सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले, "तुमच्यासाठी खास, सर." सरांनी मैदानावर पाय ठेवला नाही. कडेच्या चुन्याच्या रेघेबाहेरून, लांबचा फेरा घेऊन, ते स्टेजवर पोचले. शाल घेतली, नारळ घेतला. माईकवर म्हणाले, "पोरं चांगले होते तुमचे. आता बी हायेत. पुढच्या बारीला मला बोलवू नका, अन् बोलावलंच तर टँकर तिकडं मागं वस्तीत लावा." लोक खूप हसले, टाळ्या वाजल्या. सर बोलण्यात गमतीदार आहेत, असं दुसऱ्या दिवशी गावभर झालं. पुढं त्यांना कुणी बोलावलं नाही.

मला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला सोळा वर्षं लागली. लग्न झालं, नोकरी लागली, मुलं शाळेत गेली. ऑफिसच्या कामानं लातूरला गेलो असताना एका दुपारी पत्ता शोधत त्यांच्या घरी पोचलो. सरांनी लगेच ओळखलं. मी वहीचं ते पान नेलं होतं. आठ सामने आणि सहा सामने, एकोणीस आणि चार, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. मैदानावर मीच होतो की." मग, "सभेत का न्हाई बोललास?"

"कुणी विचारलं नाही, सर."

त्यांनी मान हलवली. "चहा घे," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या एसटीत मी स्वतःला सांगितलं, सांगून झालं, संपलं. तसं ते संपलं नव्हतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापुढे मी अजूनही गप्पच होतो.

गेल्या आठवड्यात जिलानी आणि मी लातूरला जाऊन आलो. स्टेशनबाहेर रेल्वेनं आलेल्या पाण्याचे टँकर भरून निघत होते. सरांच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या जुन्या लातूर संघातले तिघे-चौघे बसले होते, सगळ्यांचे केस पांढरे. त्यातल्या एकानं, बहुधा आमची ओळख करून घ्यावी म्हणून, विचारलं, "तुम्ही नांदेडचे का? सरांचं तिथं जमलं न्हाई म्हणं. हरत होते, म्हणून काढलं म्हणं." जिलानीनं माझ्याकडे बघितलं. प्रश्न माझ्यासाठी नव्हताच, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हणालो, "काढलं तेव्हा हरत नव्हते. एकूण चौदा सामने झाले." आणि पुढचं सगळं सांगितलं. ते पान, सभा, माझं गप्प बसणं, मोजलेले हात. जिलानी मध्येच म्हणाला, "त्या एकतीसमधला एक मी."

आतल्या दारात काकू, सरांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, हे तुम्ही ह्यांना सांगितलं होतं का?"

"हो. एकदा."

"मग काय म्हणले?"

"चहा घे म्हणाले."

काकूंना हसू आलं. "तसंच हाय त्यांचं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

निघताना उंबऱ्याशी पाहिलं तर बाहेर चपला एका ओळीत होत्या, टाचा भिंतीकडे, पंजे रस्त्याकडे. सर तसंच लावायला सांगत, नाहीतर आत घेत नसत, आणि ही म्हातारी झालेली पोरं अजून तसंच लावतात, असं काकू म्हणाल्या. मी आलो तेव्हा गडबडीत माझ्या चपला कुठेतरी भिरकावल्या होत्या, एक पालथी पडलेली मला आठवत होती. मी शोधायला लागलो. त्या ओळीतच होत्या, शेवटून दुसऱ्या.