हिरव्या पट्टीचे दीड तास

चेरीतालच्या घरी वडील न्हाणीघरातून येताना घसरून पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. सकाळचे दहा वाजले होते. मी त्यांना ऑटोने एका ट्रस्टच्या रुग्णालयात नेले. हिंदी दैनिकात मी आरोग्याच्या बातम्या करत असे; रुग्णालयाचा दरवान मला ओळखत होता.

अपघात विभागात नवी पद्धत सुरू होऊन महिना झाला होता. रुग्ण आला की सिस्टर त्याची नाडी, श्वास आणि शुद्ध तपासून हाताला रंगीत पट्टी बांधायची. लाल पट्टीवाला लगेच आत, पिवळा त्यानंतर, हिरव्याने थांबायचे. आधी येईल तो, किंवा ज्याच्यासाठी मोठ्या माणसाचा फोन येईल तो आधी, ही जुनी रीत या सिस्टरनेच बंद करवली होती. ती अमरावतीकडची. हे प्रशिक्षण तिने नागपूरला घेतले होते आणि विश्वस्तांना पटवायला तिला दोन वर्षे लागली होती.

तिने वडिलांना गोळी दिली, हात गळ्यात बांधला आणि दुसऱ्या हाताला हिरवी पट्टी बांधली. अर्ध्या तासाने मी पत्रकाराचे ओळखपत्र काढले.

"काहून दाखवून राहिले भाऊ ते? मी मागितलं का?"

"सत्तर वर्षांचे आहेत ते."

"वय किती का असे ना, मनगटानं जीव जात नाही. बसा जी."

वडील म्हणाले, "बस रे. मी आतल्या पानाची बातमी आहे."

तेवढ्यात रांझीच्या कारखान्यातल्या एका कामगाराला दोघांनी मोटारसायकलवर मध्ये धरून आणले. छातीत कळ, अंगभर घाम. त्याला लाल पट्टी लागली आणि तो आमच्या आधी आत गेला. वडिलांना प्लास्टर लागले तोवर दीड तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली: हात मोडलेला वृद्ध दीड तास बाकावर. वेळ, वय, जागा, सगळे अचूक होते. वृद्ध माझे वडील आहेत, हे त्यात नव्हते. तो कामगारही नव्हता.

चार दिवसांनी कळले की माझ्या बातमीवरून विश्वस्त शनिवारी बसणार आहेत, पट्ट्या बंद होतील आणि सिस्टरला महिला वॉर्डात पाठवतील. मी संपादकांना म्हटले, आणखी एक बातमी देऊ.

"पहिलीत काय गलत होतं?"

"गलत काही नाही. अपुरी होती."

"फिर खंडन किस बात का?"

तेव्हा मी रुग्णाचा नातेवाईक म्हणून शनिवारी बैठकीला गेलो आणि त्या सकाळचा क्रम सांगितला. कामगार वॉर्डात होता, पेज खात होता. जाण्याआधी मी त्याला पाहून आलो होतो. त्याला बाकावर बसवले असते तर तो कदाचित वाचला नसता, असे डॉक्टरांनी सांगितले. सिस्टर कोपऱ्यात बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही.

सर्वांत वयस्क विश्वस्त सदर बाजारातले कापड व्यापारी होते. त्यांनी विचारले, "भैया, यह सब उसी दिन क्यों नहीं लिखा?"

"गुस्से में था," मी म्हणालो.

पट्ट्या आणखी सहा महिने चालू ठेवायचे ठरले आणि सिस्टरही तिथेच राहिली. अट एकच: नियम हिंदीत लिहून दारावर लावायचा. तो लिहून देण्याचे काम तिने मला सांगितले. मी नऊ ओळी लिहिल्या. तिने उभ्या उभ्या सात खोडल्या.

"इतकं कोण वाचत बसन? माणूस रडून राहिला असते तिथं."

मग तिने खाली स्वतःची एक ओळ लिहिली: पहचान बताने से बारी नहीं बदलेगी।

"ही राहू द्या," ती म्हणाली, "तुमच्यासारख्यांसाठी."

मी तो कागद तसाच पेंटरकडे दिला.