रोझेरची चार मॅग चाकं

हिवाळ्यात गाडीला मॅग ठेवणाऱ्या माणसाला माझा दीर रोझेर माणसात धरत नसे. मॅग म्हणजे ती चकचकीत ॲल्युमिनियमची चाकं, गाडीबरोबर आलेली नव्हेत, लोक हौसेनं बाहेरून घेऊन बसवतात ती. उन्हाळाभर मिरवा, ऑक्टोबर लागला की उतरवा, धुऊन तळघरात ठेवा आणि लोखंडी चाकं चढवा, असं त्याचं सांगणं. आमच्या रोबेर्वाल गावातल्या गॅरेजात छत्तीस वर्षं टायर बदलून त्याची नखं कायमची काळी झाली होती. बर्फावर टाकलेलं मीठ ॲल्युमिनियमला कसं कसं खातं हे तो इतक्या चवीनं सांगायचा, की ते मीठ त्याच्याच घरून येतं की काय असं वाटावं.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीला यंदा डिसेंबरात मॅग दिसली.

मी को-ऑपरेटिव्हच्या दुकानात गल्ल्यावर बसते. पहिल्याच शनिवारी दुपारपर्यंत नऊ जणांनी मला ही बातमी दिली. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं चौसष्टाव्या वर्षी कुणीतरी बाई भेटली असणार. मला काय विचारता, आम्ही अकरा वर्षं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवलं. ते खरंच होतं. आमच्या दुकानात दोन गल्ले आहेत, आणि रांग कितीही लांब असो, रोझेर दुसऱ्याच गल्ल्यावर उभा राहायचा. पण बोलणं बंद असलं म्हणून डोळे थोडेच बंद असतात? तो आला की मी काचेतून त्याची चाकं बघत बसायची.

भांडण झालं तेही मॅगवरूनच. माझा नवरा लेआंद्र लाकडाचे ओंडके वाहणारा मोठा ट्रक चालवायचा. हौसेला मोल नसतं त्यातला माणूस. आमच्या घरच्या गाडीला त्यानं महागडी मॅग घेतली आणि तिसऱ्या हिवाळ्यात हट्ट धरला की लोखंडी चाकं नकोत, बर्फाचे टायर मॅगवरच चढव. रोझेर तासभर कुरकुरला, पण भाऊ म्हणून चढवून दिले. नोव्हेंबर अखेर होती, बर्फाचे टायर चढवायची कायद्याची तारीख तोंडावर, गॅरेजबाहेर गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत. जानेवारीत तलावाकाठच्या वळणावर मागच्या डाव्या टायरची हवा गेली, तो चाकावरून निसटला आणि गाडी खड्ड्यात गेली. लेआंद्रच्या कमरेचं हाड मोडलं. तो पुन्हा ट्रकवर चढला नाही. आता घरी बसून लोकांच्या करवतींना धार लावून देतो.

हॉस्पिटलात रोझेर म्हणाला, मिठानं चाकाची कड खाल्ली, हवा गेली, हिवाळ्यात मॅग ठेवल्यावर दुसरं काय होणार. नवरा आत कण्हतोय आणि हा मला शिकवतोय! माझं डोकं सणकलं. मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, चाकाच्या ज्या कडेवर टायर बसतो ती तू घासून साफ केली होतीस का? तो आपली काळी नखं बघत बसला. मग मी जे जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून तो आमच्या घराची पायरी चढला नाही. लेआंद्र यावर एक शब्द बोलत नसे. मी समजले, त्यालाही राग आहे.

मार्च अखेरीला बर्फ वितळायला लागलं. रस्त्यात जागोजागी कोंबडीची घरटी झाली. खड्ड्यांना आम्ही तेच म्हणतो. रोझेरची मॅग अजून गाडीलाच होती. त्या शुक्रवारी तो दुकानात बटाटे निवडत होता, तेव्हा मला राहवलं नाही. चहाच्या सुट्टीचं निमित्त करून मी बाहेर गेले, त्याच्या गाडीशी वाकले आणि हातमोज्यानं चाकावरचा मिठाचा थर पुसला. आत पांढऱ्या रंगात एकचा आकडा होता. पुढच्या चाकावर दोन. तिसऱ्याशी पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"वहिनी, बाहेरून पुसून काय दिसणार? हवा आत असते."

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य हे. मी उठले, गुडघे झटकले. कुणी पकडलं की माझी जीभ जास्तच चालते.

"मग तू सांग. सगळं गाव मला विचारतंय. बाई आहे का कुणी?"

"असती तर लोखंडी चाकांवरच फिरवली असती," तो म्हणाला.

मग बटाट्यांची पिशवी गाडीच्या टपावर ठेवून त्यानं सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत तो गॅरेज बंद करणार होता. त्याआधी त्याला एक गोष्ट कळायला हवी होती. मी हॉस्पिटलात विचारलं त्याचं उत्तर त्याला आजवर सापडलं नव्हतं. त्या दिवशी चाळीस गाड्या झाल्या. भावाच्या चाकांची कड त्यानं घासली की नाही, हे किती डोकं खाजवलं तरी आठवेना. म्हणून त्यानं आमच्यासारखीच मॅग शोधून आणली, तेवढीच जुनी, कडेला पांढरी भुकटी धरलेली. दोन चाकं स्वच्छ घासून टायर चढवले, दोन तशीच ठेवली. चारही चाकांवर आकडे घातले आणि हिवाळाभर दर रविवारी सकाळी, टायर गार असताना, हवा मोजली.

"घासलेली दोन्ही जशीच्या तशी आहेत. न घासलेल्यांतून कडक थंडीत आठवड्याला तीन पौंड हवा जाते. मॅगचा दोष नाही, सोलांज वहिनी. हात माझा होता. तू बरोबर बोललीस."

अकरा वर्षं हेच ऐकायला मी टपले होते. ऐकलं आणि मला काही आनंद झाला नाही. ऊन असूनही त्याचे ओठ निळे पडले होते.

"एकच कोडं राहिलंय," तो म्हणाला. "हवा हळूहळू गेली, पाच-सहा आठवड्यांत. त्या मॅगमध्ये मी स्वतः हवा मोजणारे सेन्सर बसवले होते. मग हवा कमी झाली की स्टिअरिंगसमोर लागतो तो पिवळा दिवा लागला कसा नाही?"

मी तिथेच त्याच्या गाडीला टेकले.

आमच्याकडे हिवाळ्यात तो दिवा सगळ्यांच्याच गाडीत जळतो. लोखंडी चाकांत सेन्सर नसतात, गाडीला वाटतं हवा गेली, आणि दिवा पाच महिने डोळ्यांत खुपतो. म्हणून जो तो त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून मोकळा होतो. मीही दर वर्षी लावायची. त्या वर्षी नाताळच्या सुमाराला दिवा लागला, मी हात लांब करून पट्टी लावली आणि विसरून गेले. या खेपेला चाकं सेन्सरवाली आहेत, दिवा खरंच सांगत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"घरी चल," मी त्याला म्हटलं. "आत्ता. बटाटे घेऊन."

लेआंद्र स्वयंपाकघरात करवत पुसत बसला होता. भावाला दारात बघून त्यानं करवत बाजूला ठेवली, पण उठला नाही. मी अंगातला कोटही न काढता बोलून टाकलं, कारण बसले असते तर धीर गेला असता.

"दिवा लागला होता. मी त्याच्यावर पट्टी लावली होती."

"माहीत आहे," लेआंद्र म्हणाला.

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

"ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला," तो म्हणाला. "स्टिअरिंगमागे अडकून बसलो होतो. पट्टीच्या कडेनं पिवळं पिवळं दिसत होतं. नखानं सोलून काढली आणि खिशात टाकली."

रोझेर खुर्चीवर बसला. मला सांगायचं होतंस, असं तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा फार हळू.

"तुला सांगितलं असतं तर हिच्या कानावर गेलंच असतं," लेआंद्र म्हणाला. "मग हिनं पुन्हा गाडीला हात लावला नसता. मला दर मंगळवारी हॉस्पिटलात कोण नेणार होतं? तू तर बोलत नव्हतास."

दोन वर्षं दर मंगळवारी मी त्याला नेलं होतं, आणि जाता-येता वाटभर रोझेरला शिव्या घातल्या होत्या. तो शेजारी बसून ऐकायचा आणि म्हणायचा, समोर बघून चालव.