फिरत्या तीनवरची आग

"आग! कापसाले आग लागली, बंब पाठवा!" जिनिंगचे मुनीमजी फोनवर असे ओरडत होते की तारेशिवायही आवाज अकोल्याला पोचला असता. अकोल्याकडच्या मालेगावच्या एक्स्चेंजात मी ऑपरेटर. यादीत कायमच्या फोनपुढे मालकाचं नाव शाईनं लिहिलेलं असे. हंगामापुरते फोन मात्र आज याचे, उद्या त्याचे, म्हणून त्यांच्यापुढे पेन्सिलीनं नुसतं 'फिरता एक', 'फिरता दोन'. मुनीमजींचा 'फिरता तीन'. बंबाचा कॉल अकोल्याच्या मोठ्या एक्स्चेंजमधून जुळायचा. मी यादीतलं 'फिरता तीन' वाचून सांगितलं आणि तिथला ऑपरेटर म्हणाला, "फिरत्यावरून रोज कोणी ना कोणी टवाळी करते. नाई जोडत!" खिडकीबाहेर धुरानं भरदुपारी सूर्य विझला होता! यादीत नाही ते बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून मी यादीच बदलली. पेन्सिल खोडली, शाईनं ठसठशीत 'जिनिंग, कायम' लिहिलं, पुन्हा कॉल लावला आणि वाघासारखा गरजत ते वाचून दाखवलं. कॉल खटकन जुळला, बंब जमिनीला चाक न लावता आला, निम्मा कापूस वाचला. संध्याकाळी मी त्या ऑपरेटरला ऐटीत विचारलं, "पटलं न बापा, आग खरी होती ते?" तो म्हणाला, "आगीचं मले काय मालूम? नाव कायमचं होतं, जोडलं."