पहिल्याच अध्यायात थांबलेली रूथ

आमच्या शुक्रवारच्या घरसभेत एक रीत आहे. बायबलचा एक अध्याय वाचायचा आणि मग ज्या घरी सभा असेल त्या घरच्या बाईनं उभं राहून सांगायचं, की रोजच्या जगण्यासाठी आपल्याला यातून काय शिकवण मिळाली. आमच्याकडे पाळी आली की मी चहा ठेवायला आत जाते आणि सासूबाई बोलतात. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, त्यांना मिटता येत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

शिकवण सगळ्यांनाच मिळते, पण बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या घरची असते. क्षमेचा अध्याय निघाला की बायका कोणी कोणाला क्षमा करायला हवी ते सांगतात. जीभ आवरण्याचा निघाला की सभा लांबते.

त्या वर्षी आमच्या घरी रूथचा पहिला अध्याय आला. रूथचा नवरा मरतो, सासू तिला माहेरी जा म्हणते, पण ती सासूला सोडत नाही. सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"सून असावं तं असं. पोरगा गेला, तरी सासूले सोडलं नाई. याच्यातच सारं आलं, बायाहो."

सगळ्या बायांनी आमच्या धाकट्या जावेकडे पाहिलं. ती मान खाली घालून चटईचा धागा तोडत बसली होती.

माझा धाकटा दीर तापानं गेला, तेव्हा जाऊ पंचविशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. वारासिवनीला राईस मिलमध्ये कामाला असलेला, बायको वारलेला, आमच्याच चर्चच्या मंडळीतला एक माणूस तिला मागणी घालत होता. माणूस चांगला होता. जावेनं मला एकदा चुलीपाशी सांगितलं, "बाई, मले जायचं हाय. पन आई हौ म्हणन तवाच. पळून गेल्यावानी नाई." तिच्या मागणीचा विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, "बायबलात रूथनं काय केलं?" त्यापुढे बोलायची कोणाची छाती होत नसे. पास्टरसाहेबही खाकरून पाणी मागत.

खरं म्हणजे रूथच्या पुस्तकात अध्याय चार आहेत, पण आमच्या घरसभेत ते कधी पुरे झालेच नव्हते. धान कापायच्या तोंडावर कापणीचीच गोष्ट वाचावी, असं इथल्या प्रत्येक पास्टरसाहेबांना सुचतं. पहिला अध्याय होतो, धान कापायला येतं आणि घरसभा बंद होते. मळणी उरकेपर्यंत नाताळचे पाठ लागतात. नव्या वर्षी नवं पुस्तक. असं करत आम्ही रूथला कितीदा तरी वाटेतच उभं करून शेतात निघून गेलो होतो. सासूबाईंना वाचता येत नाही. कानावर पडलं तेवढंच त्यांचं बायबल.

इथल्या शाळा हिंदी, पण मी तुमसरकडची, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. लग्नात मिळालेलं मराठी बायबल मी ओळीखाली बोट धरून वाचते. जानेवारीत एका दुपारी आम्ही तिघी अंगणात उन्हाला तांदूळ निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, रूथचं पुढचं वाचू का?"

"हौ, वाच. चांगली पोरगी होती ते."

दुसरा अध्याय त्यांना फार आवडला. रूथ परक्याच्या शेतात सरवा वेचते आणि सासूला आणून देते. "पाह्य," त्या जावेला म्हणाल्या, "सासूसाठी उन्हात लोंब्या येचते." जाऊ म्हणाली, "हौ, आई."

तिसऱ्या अध्यायात मी अडखळले.

"काहून वो, थांबली काहून?"

"ते रूथले म्हणते, तुह्यासाठी घर पाहाले नको का? आंघोळ कर, तेल लाव, चांगलं लुगडं नेस अन् खळ्यावर जा. तो शेतवाला मानूस जेवून निजला का त्याच्या पायापाशी जाऊन निज."

"कोन म्हणते असं?"

"सासू."

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "तुह्या मराठीच्या बायबलात चुकलं असन. पोरीले बोलाव. हिंदीचं आन म्हणा."

माझी मुलगी हिंदी बायबल घेऊन आली आणि एका दमात वाचून मोकळी झाली. "दादी, सास ने ही तो भेजा है!"

"चूप बस. अंदर जा."

जाऊ निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. मी चौथा अध्याय वाचला. त्या शेतवाल्याशी रूथचं लग्न होतं, मुलगा होतो, आणि गावच्या बाया म्हणतात की सासूला मुलगा झाला. सासू त्याला उराशी घेते. सासूबाईंनी मला तेवढं परत वाचायला लावलं.

"सासूले म्हणते? आईले नाई?"

"सासूले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग जावेकडे न बघता म्हणाल्या, "हे पोरगी घरात दिसते तवर मले वाटते, पोरगा बाहीर गेला हाय. आता येऊन राह्यला."

पुढच्या शुक्रवारी पाळी दुसऱ्या घरची होती, तरी त्या उभ्या राहिल्या. "सुनेचं घर सासूनं बसवलं पायजे. तुम्ही कोनी पुढचं वाचतच नाई!" पास्टरसाहेब पटकन आमेन म्हणाले. पुढचं कोणी वाचून दाखवलं हे कोणी विचारलं नाही. मी तेव्हा चहाच्या कपबशा गोळा करत होते, आणि ते मला सोयीचंच होतं.

मग राईस मिलमधल्या त्या माणसाला घरी बोलावणं गेलं. त्याला खुर्चीवर बसवून सासूबाईंनी आधीच बजावलं, "हे पाहा, खळ्या-बिळ्यावर कोनी येनार नाई. इस्टर झाल्यावर, चर्चात, चार लोकायसमोर." तो बिचारा गोंधळून हौ म्हणाला.

तो गेल्यावर त्यांनी जावेला जवळ ओढून बसवलं. "रूथनं सासूचं आयकलं. तूही आयक. पयलं लेकरू माह्या मांडीवर द्या लागन."

"देईन, आई," जाऊ म्हणाली. "आधी मले जाऊ तं द्या."

"मी कुठं धरलं वो तुले?" सासूबाई म्हणाल्या. तिचं मनगट मात्र त्यांच्या मुठीतच होतं.