मडक्याचं खापर

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. उदगीरला आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. रांगेत एक ख्रिस्ती म्हातारी रोज असायची, तोंडातल्या तोंडात स्तोत्र पुटपुटत. तिचं मडकं लोक पायानं मागं सारायचे. ती पदर खोचून ते पुन्हा जागेवर आणून ठेवायची. सारणारे सगळे सोमवारचा उपास धरणारे, बरं का!

एकदा एकानं लाथच घातली. मडकं फुटलं. "बोलव की तुझ्या देवाला," तो हसून म्हणाला, "लई भरोसा हाय ना?"

म्हातारीनं बुडाचं खापर उचललं आणि आभाळाकडं धरलं. "बघायलास न्हवं? तुझ्या स्तोत्रातच हाय, जीव खापरावानी सुकला म्हून. आता खापर बी हातात दिलंस. दे, काय द्यायचं ते दे. पर मी हितून हलत न्हाई, आन् तुला बी हलू देत न्हाई."

तिची पाळी आली. टँकरवाल्यानं त्या खापरात पाणी सोडलं. लाथ मारणाऱ्याकडं बघत ती ते सावकाश प्याली आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली.

देवाला असं दटावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आता ती स्तोत्र मोठ्यानं म्हणत होती.